छातीइतकं पाणी

आम्ही समुद्रावर चाललो आहोत, असं कुसुमनं अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं. यात तिचा दोष नव्हता, मीच तिला तसं भासवलं होतं. शेजारचं जोडपं दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन आलं आणि तेव्हापासून भद्रावतीच्या आमच्या घरात जेवायला बसलं की नारळ, वाळू आणि लाटांचा विषय निघायचाच. चाळीस वर्षं संसार केला, एकदा तरी समुद्र दाखवा, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हणालो, वाळू दाखवतो, पाणी दाखवतो, ताडाची झाडं दाखवतो, ताजी मासोळी खाऊ घालतो. एक अक्षर खोटं बोललो नाही. चंद्रपूरच्या बसस्टँडवर गाडीची पाटी वाचली तेव्हा तिला उलगडा झाला.

"सिरोंच्याले कधीपासून समुद्र आला?"

"दोन मोठ्या नद्या येतात तिथी," मी म्हणालो. "मिळून तेवढंच पाणी."

सिरोंचा येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. दोन्ही बाजूंना सागवानाचं दाट जंगल होतं. ती खिडकीतून ते जंगल पाहत राहिली आणि मी तिचा अंबाडा पाहत राहिलो. तिला दिवसभर गप्प बसवणं सहसा कोणाला जमत नाही, पण त्या दिवशी मला त्याचं कौतुक वाटलं नाही, कारण सिरोंच्याला जाण्याचं खरं कारण मी तिलाही सांगितलेलं नव्हतं.

मी सर्व्हेअर होतो. लेव्हलचं यंत्र, उभी मोजपट्टी आणि गेरूचा डबा घेऊन नोकरीभर नद्यानाल्यांच्या काठानं फिरलो. सवय अजून सुटलेली नाही. आजही अनोळखी जिना चढताना मी पायऱ्या मोजतो, आणि मी स्वर्गात गेलो तरी आधी दाराची उंची तपासीन, असं कुसुम म्हणते. तीसेक वर्षांपूर्वी सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी, मासेमारांच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, मी पूररेषा आखली होती. पूररेषा म्हणजे माणसांच्या आठवणीतला सगळ्यांत मोठा पूर जिथवर चढला, तिथली खूण. ती आखायची रीत साधी आहे. गावातल्या जुन्या माणसांना विचारायचं, पाणी कुठवर होतं ते दाखवा. ते हात लावतील तिथं गेरू ओढायचा आणि मग यंत्र लावून तीच पातळी साऱ्या शिवारावर फिरवायची.

त्या दिवशी बाकी टोला नदीवर गेला होता, आणि मोठा पूर डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस मला भेटलं. पोचक्का नावाची बाई, तेव्हा चाळिशीची असेल. पोशम्मा देवीच्या दगडी देवळाच्या भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली, छातीवर हात आडवा धरला आणि म्हणाली, "इतकं पाणी." तिच्या हाताच्या सरळ रेषेत मी भिंतीवर गेरू ओढला. ती आणखी काहीतरी सांगत होती, तिच्या बापाबद्दल, नावेबद्दल. मला ऊन चढायच्या आत पुढची खूण गाठायची होती. मी यंत्र उचललं आणि निघालो.

गेल्या उन्हाळ्यात माझी नात जुई आमच्याकडे राहायला आली. आठ वर्षांची आहे. तिला घेऊन ओढ्यावर गेलो. ती डोहात उतरली आणि म्हणाली, "आबा, पाणी माझ्या छातीपर्यंत आलं." मी तिच्या शेजारीच उभा होतो. माझ्या मांडीला पाणी लागत होतं. मी जुईकडे पाहिलं, आणि मला पोचक्काचा छातीवरचा आडवा हात आठवला. पोचक्कानं पाहिलेला पूर मी तिथं जाण्याच्या कितीतरी वर्षं आधीचा होता. पूर आला तेव्हा ती केवढी होती, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, फूटभर इकडचं तिकडे झालं तर काय मोठं. पण नदीकाठच्या सपाट जमिनीवर उभा एक फूट चुकला की रेषा आडवी दोन-तीनशे पावलं आत सरकते. त्या पावलांच्या आत टोल्याची बावीस घरं होती. ती पूररेषेत आली म्हणून उठवली गेली, हे मला पुढं एका नकाशावर दिसलं होतं. तेव्हा आपण माणसं वाचवली म्हणून मला बरंही वाटलं होतं. आता मला सिरोंच्याला जाऊन त्या बाईला एवढं एकच विचारायचं होतं, आणि उत्तर मला वाटतं तेच निघालं तर तिथल्या लोकांना ते तोंडानं सांगायचं होतं.

सिरोंचा

सिरोंचा हे घाई नसलेलं गाव आहे. दुपारी दुकानदार गल्ल्यावरच डुलकी काढतात आणि गिऱ्हाईक त्यांना उठवत नाही, पायरीवर बसून वाट पाहतं. बोलणं तेलुगूत सुरू होतं, मराठीत वळतं आणि हिंदीत संपतं. गावाबाहेर मिरच्यांची खळी लागलेली होती. लाल मिरची अशी अंथरलेली की उन्हात डोळा ठरत नव्हता. कुसुमला ठसका लागला आणि त्या निमित्तानं ती पहिल्यांदा बोलली. पाणी मागितलं.

संध्याकाळी नदीवर उतरलो. प्राणहितेचं पात्र इथं एवढं रुंद आहे की पलीकडची झाडं बोटभर दिसतात, आणि पाण्यापर्यंत पोचायला वाळूच तुडवावी लागते. शेजाऱ्यांनी फोटोत दाखवली तीच वाळू, फक्त लाटा नाहीत. कुसुम चपला घालून तरातरा पुढं गेली आणि ओल्या वाळूत तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत रुतला. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. मी गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ चाचपडल्यावर ती बाहेर काढली, तर अंगठा तुटलेला. दुसरी चप्पल तिनं स्वतःहून काढली, दोन्ही माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी पाण्यात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "खारं नाई एवढंच. बाकी बरं हाये." मला माफी मिळाली असं मी धरून चाललो.

जेवायला एका घरगुती खानावळीत गेलो. चिंचेच्या कोळात शिजवलेली मासोळी, तिला इथं पुलुसू म्हणतात, आणि पातेलंभर भात. आपल्याकडे मासोळीच्या रश्श्यात टमाटर पडतो आणि तिखट जपून. इथं तिखटानं माझ्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली होती. वाढणारी बाई दर दोन घासांनी भात घालत होती आणि नको म्हटलं की तिला वाईट वाटत होतं. कुसुमनं तिच्याकडून कृती विचारून घेतली. भद्रावतीला परतल्यावर केलीही, पण ती चव आली नाही. नदीच लागते बहुतेक.

वडधम

फिरायला आम्ही एक ऑटो ठरवला होता. चालवणारा मल्लेश, पस्तिशीचा, सडपातळ, बोलका. त्यानं आम्हाला वडधमला नेलं. तिथं कुंपणाच्या आत जुन्या काळची झाडं दगड होऊन पडली आहेत. साल दिसते, गाठी दिसतात, हात लावला की गार दगड. भद्रावतीजवळच्या माजरीच्या खाणीत असंच जुनं जंगल कोळसा होऊन निघतं आणि ट्रकांत भरून जातं. इथलं जंगल मात्र पडलं तिथंच राहिलं आहे. एका खोडाचा घेर बघावा म्हणून मी नकळत पिशवीतून टेप काढला.

"तुम्ही मोजणीवाले काय?" मल्लेशनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत तोच पुढं बोलू लागला. "आमच्या टोल्यावर बी आला होता एक मोजणीवाला. मी तवा लहान होतो. आमचा टोला पार नदीवर होता भाऊ. दारातून जाळं टाका, असा. त्यानं देवीच्या देवळाले लाल रेघ ओढली अन् गेला. मंग कागद आला, की घरं उठवा. आता तिकडं मुरमाडावर हाओ आम्ही, नदीपासून दोन कोस. मासोळी धरणारा माणूस दोन कोसावर राह्यला तर मासोळी काय त्याची वाट पाह्यते?"

"रेघ अजून हाये?" कुसुमनं सहज विचारलं.

"हाये तर. देवीच्या अंगावर सरकारनं लावलेली रेघ, पुसायची कशी? बायका दर साली देऊळ चुन्यानं पोततात, पण रेघ सोडून. जत्रेले तिले हळदकुंकू लावतात. तिनं घर घेतलं तरी लावतात."

मग तो खोडाला टेकला. "दोष सारा माह्या आत्यावर आला. पोचक्का. तिनंच हात दाखवला होता ना. दोन-तीन सालाआधी पूर आला तर पाणी देवळाजवळ मांडीएवढं बी नाई आलं, घरांची जागा कोरडीच. तवापासून तर लोकं तिच्या तोंडावर बोलतात, तुह्या हातानं टोला उठला. जत्रेत हळद लावाले बायका तिले बोलवत नाईत. देवीपुढं खोटा हात दाखवला म्हून. ती बी मानी. जुन्या टोल्यावर झोपडी घालून एकटी राह्यते, टरबूज लावते."

माझ्या हातातला टेप अजून उघडाच होता. मल्लेशनं पुन्हा विचारलं, "तुम्ही कोणत्या खात्यात होते?"

"मास्तर होतो," मी म्हणालो.

कुसुमनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती. बाईचं आयुष्य माझ्या रेघेपायी नासलं होतं आणि मी तिच्या भाच्यासमोर शाळामास्तर झालो होतो.

संगम

दुसऱ्या दिवशी जुन्या टोल्यावर जायचं सोडून मी पुलावरून पलीकडे, कालेश्वरला जायचं ठरवलं. एकाच पिंडीवर दोन लिंगं असलेलं ते देऊळ पाहण्यासारखं आहे, हे खरं. पण मी ते पाहायला गेलो नव्हतो, मी टाळत होतो. दर्शन घेऊन आम्ही घाटावर आलो. प्राणहिता गोदावरीला मिळते ती इथं. थोडं अंतर दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी चालतं आणि मग कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही. कुसुम पायरीवर बसली. नव्या चपला घेतल्या होत्या, त्या तिनं पदराजवळ सांभाळून ठेवल्या.

"तुम्ही कोणत्या शाळेत मास्तर होते?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पोचक्काचा हात, गेरू, ओढ्यातली जुई, नकाशा. सांगताना मला वाटत होतं की ती म्हणेल, तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. ते ऐकायला मी आतुर झालो होतो. ती तसं काही म्हणाली नाही.

"ती बाई काही सांगून राह्यली होती अन् तुम्ही उठून गेले," ती म्हणाली. "घरी बी असंच करता. माणसाचं बोलणं पुरं होऊ देत नाई."

"उद्या सोमनूरला दुसरा संगम पाहू," मी म्हणालो.

"मंग इथी देवळं काय पाहून राह्यले?" ती उठली. "सोमनूर, फिमनूर काही पाह्यचं नाई मले. उद्या तिथी चला."

जुना टोला

मल्लेशला सकाळी सांगितलं, तुझ्या आत्याकडे टरबूज खायला ने. तो खूश झाला. वाटेवर ताडांची रांग लागली आणि मग काठ उतरता झाला. बावीस घरांची जागा मी लगेच ओळखली. जोती तेवढी उरली होती, त्यांत रुईची झुडपं. चढाच्या खाली पोशम्माचं देऊळ, चुन्यानं पांढरंशुभ्र, आणि त्याच्या भिंतीवर माझी रेघ. मी ओढली तेव्हा होती त्याहून ती ठसठशीत होती. तीस वर्षांची हळद आणि कुंकू तिच्यावर चढलं होतं.

देवळापलीकडे वाळूत टरबुजाचे वेल पसरलेले होते. टोल्यातल्याच चार बाया आळ्यांतला पाला साफ करत होत्या, आणि त्यांच्यापासून लांब, आपल्या तुकड्यात एकटी, पोचक्का. सत्तरी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली, कपाळावर हाताचा आडोसा धरून आमच्याकडे पाहत होती. मल्लेशनं सांगितलं, भद्रावतीचे मास्तर आहेत. तिनं वाळूवर गोणपाट अंथरलं. एक टरबूज हातावर वाजवून पाहिलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि फोडलं.

मी फोडीला हात लावला नाही. "बाई, मी मास्तर नाही," मी म्हणालो. "देवळावर रेघ ओढली तो मी."

मल्लेश उभा होता तो खाली बसला. पोचक्कानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तवा तुह्या डोक्यावर लय केस होते," ती म्हणाली.

"मला एक विचारायचं आहे. तेव्हा विचारायचं राहिलं. पूर आला तेव्हा तू केवढी होतीस?"

तिनं स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला.

"नुकते कान टोचले होते माहे. भोकात काडी होती. आठ साल म्हण, नाईतर नऊ. माह्या बानं मले त्या भिंतीले टेकून उभं केलं अन् म्हणला, हलू नोको, मी नाव आणतो. पाणी इथी लागलं." तिनं छातीवर हात ठेवला. "मी हलली नाई. बा नाव घेऊन आला तवा मी तशीच उभी होती."

"हे तू तेव्हाच सांगत होतीस," मी म्हणालो.

"सांगत होती. तू पेटी उचलून चालला गेला. मले वाटलं, हा शिकलेला हाये, हा वजा करंल."

एवढं बोलून तिनं टरबुजाच्या बिया गोणपाटावरून झटकल्या. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. वजाबाकी करायची राहिली होती, बस. दुसरीतल्या पोरालाही येते.

चारही बाया काम सोडून जवळ आल्या होत्या. मी उभा राहिलो आणि त्यांना सांगितलं, जमेल तितकं मोठ्यानं. पोचक्कानं दाखवलेलं पाणी खरं होतं. ती तेव्हा पोरगी होती आणि मी रेघ मोठ्या बाईच्या छातीच्या उंचीवर ओढली. तिचा हात खोटा नव्हता, माझी मोजणी चुकली. घरं माझ्यामुळे उठली. मल्लेशनं ते तेलुगूत त्यांना सांगितलं. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

"परवापासून माह्याच गाडीत बसून राह्यले तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

"माहा बाप रोज दोन कोस नदीवर यायचा भाऊ. अन् दोन कोस परत. ओलं जाळं खांद्यावर घेऊन, मरेपर्यंत. आता तुम्ही सांगता चुकलं. मंग घरं इथी आणून देता काय?"

मी म्हणालो, नाही. ते माझ्या हातात नाही. अर्ज लिहीन, जे झालं ते माझ्या सहीनं लिहून देईन, पण कोणी ऐकेल असं वचन देत नाही. तो हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. कुसुमनं त्याच्यापुढं टरबुजाची फोड धरली. बराच वेळ त्यानं ती घेतली नाही, मग घेतली आणि हातात तशीच ठेवली.

तेवढ्यात पोचक्का उठली. काठी टेकत देवळापाशी गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, तीस वर्षांपूर्वी उभी होती तिथंच. आता वाकल्यामुळे जुनी रेघ तिच्या खांद्याच्याही वर जात होती. तिनं काठी बाजूला ठेवली, भिंतीला एक हात लावला आणि हळूहळू गुडघ्यांवर बसली. मला वाटलं देवीच्या पाया पडते आहे. पण तिनं पाठ ताठ केली, कानाच्या पाळीला हात लावून पाहिला आणि तो हात छातीवर आडवा धरला.

"मी तवा इतकी होती," ती म्हणाली. "घे आता."

मीही तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. पिशवीत गेरूची पुडी होती. घरून निघताना का घेतली ते मलाही नीट माहीत नव्हतं. कुसुमनं पाण्यात कालवून दिला. तिच्या हाताच्या सरळ रेषेत मी भिंतीवर रेघ ओढली. मग टेप लावला. दोन रेघांत सव्वा फुटाचं अंतर होतं. मल्लेशला आकडा सांगितला. तो चढाकडे, जोत्यांकडे पाहत राहिला. पाणी नव्या रेघेपर्यंत आलं तरी ती कोरडी राहतात, हे कळायला यंत्र लागत नव्हतं.

पोचक्काला उठवायला कुसुम पुढं झाली, पण त्याआधी त्या चार बायांतली एक, बरीच म्हातारी, पुढं आली. तिनं पोचक्काच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि काठी हातात दिली.

मल्लेशनं आम्हाला गावात परत आणून सोडलं. उतरताना मी हात जोडले. त्यानं जोडले नाहीत, फक्त म्हणाला, "सकाळी गाडीवर सोडतो. टोल्यावरूनच जाऊ."

निघताना

सकाळी तो वेळेआधी आला. बसला अवकाश होता, म्हणून त्यानं आम्हाला आधी जुन्या टोल्यावर नेलं. देवळाजवळ ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीतून बाया उतरत होत्या, दहा-बारा असतील, मुरमाडावरून आलेल्या. जत्रा नव्हती, सणही नव्हता. मल्लेश म्हणाला, काल संध्याकाळी त्यानं घरोघरी जाऊन सांगितलं. काही जण भांडले, काहींना खरं वाटलं नाही. या आल्या.

आम्ही लांबच थांबलो. बायांनी देवळापुढं पाणी शिंपडलं. हळदीची वाटी एका बाईच्या हातात होती. ती गर्दीतून चालत टरबुजाच्या तुकड्यापर्यंत गेली आणि वाटी पोचक्कापुढं धरली. पोचक्कानं लगेच घेतली नाही. पदरानं हात पुसले, मागचे-पुढचे, बराच वेळ. मग वाटीत पंजा बुडवला, देवळापाशी येऊन वाकली आणि कालच्या रेघेवर टेकवला.

ट्रॅक्टर गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. जुनी रेघ वर होती तशीच होती, तिला त्या दिवशी कोणी हळद लावली नव्हती. खालच्या रेघेवर पाच बोटं उमटली होती, ओली. अंगठा रेघेच्या थोडा वर होता आणि करंगळी थोडी खाली.

भद्रावतीला आल्यावर मी अर्ज लिहिला, नकाशाची प्रत जोडली, सही केली. उत्तर अजून आलेलं नाही, आणि बावीस घरं आहेत तिथंच मुरमाडावर आहेत. कॉलनीतले लोक विचारतात, समुद्र कसा होता. कुसुम सांगते, छातीइतकं पाणी होतं. मी मध्ये बोलत नाही, तिचं बोलणं पुरं होऊ देतो.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी भिंतीसमोर उभा होतो तेव्हा कुसुमनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. टेप त्यातच होता. त्या पंजाचं माप घ्यायला मी तो काढला नाही.